सायबर सुरक्षेची पदवी : चार वर्षांत काय शिकतात आणि तयारी कधी सुरू करायची



ज्या मुलामुलींच्या शिक्षणाला आपण हातभार लावता, त्यांच्या तोंडी अलीकडे एक नवे नाव वरचेवर येते. पूर्वी बारावीनंतर काय करणार असे विचारले, की नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती अशी उत्तरे मिळत. आता त्यात ‘सायबर सिक्युरिटी’ची भर पडली आहे. मुले हे नाव मोबाइलवर ऐकतात आणि घरी जाऊन सांगतात. मग पालक मला विचारतात, “ताई, हे काय असतं? पोलिसात लागतो का त्याने?” मदत पाठवणारे विचारतात, “चार वर्षे खर्च करून पुढे काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या अंकात त्यांची उत्तरे सविस्तर द्यावीत असे वाटले.

मी संगणक अभियंता नाही. वसतिगृहातल्या मुलांचे प्रवेशअर्ज भरणे, कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणे आणि सुटीत आलेल्या मुलांची पुस्तके उघडून “हे मला समजेल असं सांग” म्हणणे, हे माझे काम. त्यातून जे उमगले ते इथे मांडते. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. या पदवीत सायबर सुरक्षा हा सर्वांत वरचा मजला आहे. त्याखालचे मजले गणिताचे आणि संगणकशास्त्राचे आहेत, आणि पाया घालण्याचे काम बारावीनंतर नव्हे, तर दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होते.

सांभाळायचे ते काय?

पहिल्याच वर्गात मुलांना तीन शब्द शिकवतात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. शब्द जड आहेत, पण अर्थ आपल्या बचत गटाच्या वहीवरून चटकन कळतो. कोणाची किती बचत, कोणावर किती कर्ज, हे गटाबाहेरच्या माणसाने वाचू नये, ही गोपनीयता. वहीतला आकडा कोणी गुपचूप खोडून बदलू नये, ही अखंडता. आणि महिन्याच्या बैठकीला वही हजर असावी, कुलूपबंद कपाटाची किल्ली हरवलेली नसावी, ही उपलब्धता. बँक असो, दवाखाना असो की वीज कंपनी, या तीन गोष्टी सांभाळणे म्हणजेच सायबर सुरक्षा.

यातली एकही ढिली पडली तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच घडले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून पैसे काढताना यंत्र बँकेला विचारते : कार्ड खरे आहे का, खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हल्लेखोरांनी या प्रश्नोत्तरांच्या मधोमध आपली बनावट यंत्रणा बसवली. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचतच नव्हता. “हो, द्या” हे उत्तर मधूनच मिळत होते. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी काही रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. एकूण फटका सुमारे ९४ कोटी रुपयांचा होता. यात कोणी तिजोरी फोडली नाही. फक्त ‘हो’ म्हणणारा माणूस बदलला. अखंडता तुटली ती अशी.

उपलब्धतेचे उदाहरण दिल्लीचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंतची कामे हाताने कागदावर करावी लागली. दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण रांगेत उभे होते. संगणक बिघडला, की सोसावे लागते ते माणसालाच.

गोपनीयतेचे उदाहरण तर आपल्या पाड्यावरच आहे. निराधार योजनेचे किंवा रोजगार हमीचे पैसे आपले वडीलधारे आता अंगठा लावून काढतात. या आधार-आधारित व्यवहारात अंगठ्याचा ठसा हाच पासवर्ड. देशात अनेक ठिकाणी कागदपत्रांवरचे ठसे उचलून त्यांची रबरासारखी नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच आधारमध्ये ठशांना कुलूप लावण्याची आणि गरजेपुरते ते उघडण्याची सोय दिलेली आहे. आमच्या वसतिगृहातून गेलेली एक मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीच्या सुटीत तिने पाड्यावरच्या चौदा घरांना हे कुलूप कसे लावायचे ते बसून शिकवले. पदवी अजून हातात नाही, पण विद्या उपयोगी पडू लागली आहे.

पहिली दोन वर्षे : हॅकिंग नाही, गणित

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची. पहिले वर्ष बहुतेक सर्व शाखांना सारखेच असते : गणित, भौतिक-रसायनशास्त्र, विजेची मूलतत्त्वे आणि सी किंवा पायथनसारखी एखादी संगणकभाषा. इथेच काही मुलांचा हिरमोड होतो. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावत असतात; वर्गात मात्र फळ्यावर सारणी आणि समीकरणे असतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवले, तर ती टिकतात.

दुसऱ्या वर्षी खरे संगणकशास्त्र सुरू होते. माहिती संगणकात कशी रचून ठेवतात, ऑपरेटिंग सिस्टीम काय काम करते, डेटाबेस म्हणजे काय, एका संगणकाकडून दुसऱ्याकडे निरोप कसा जातो. लिनक्स नावाची मोफत प्रणाली मुले याच सुमारास शिकतात. तिच्यात चित्रांवर बोट न ठेवता आज्ञा टंकून काम करावे लागते. हे सगळे कशासाठी? साधी गोष्ट आहे. घर कुठून फोडले जाईल हे सांगायला घर कसे बांधतात हे ठाऊक असावे लागते. कुडाच्या भिंतीत कच्ची जागा कुठे असते, हे भिंत लिंपणारीलाच कळते.

तिसरे वर्ष : गुपित राखण्याचे शास्त्र

तिसऱ्या वर्षी सुरक्षेचे विषय येतात. त्यांतल्या दोन कल्पना मला फार आवडल्या, म्हणून सांगते.

पहिली ‘हॅश’ची. चांगली बँक तुमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. ती तो दळते आणि पीठ ठेवते. ज्वारी दळली की पीठ होते, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला, की तो पुन्हा दळून दोन्ही पिठे जुळतात का एवढेच पाहिले जाते. या गणिती जात्याचा एक गुण असा, की तोच पासवर्ड घातला तर नेहमी तेच पीठ पडते आणि एक अक्षर जरी बदलले तरी पीठ ओळखू येणार नाही इतके बदलते. एसएचए-२५६ नावाच्या जात्यात एक शब्द घाला नाहीतर अख्खा ग्रंथ घाला, बाहेर नेहमी ६४ अक्षरांचीच ओळ येते. मात्र दोघांचा पासवर्ड सारखाच असेल तर पीठही सारखेच पडेल आणि चोराला सुगावा लागेल. म्हणून दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगवेगळी अक्षरे मिसळतात. संगणकशास्त्रात त्यांना खरोखरच ‘मीठ’ म्हणतात.

दुसरी कल्पना दोन किल्ल्यांच्या कुलपाची. पूर्वी गुप्त निरोप पाठवायचा तर दोघांकडे एकच किल्ली असावी लागे, आणि ती किल्लीच पोहोचवायची कशी हा पेच पडे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यावर एक उपाय मांडला. समजा, मी माझी उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली घरीच ठेवली. कोणीही पेटीत निरोप ठेवून माझे कुलूप लावावे. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र माझीच लागते. हे कुलूप मूळ संख्यांनी बनते. ५३ आणि ६१ यांचा गुणाकार करा, ३२३३ येतात, मिनिटाचे काम. आता उलट करून पाहा. कोणाला नुसते ३२३३ देऊन, कोणत्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार, असे विचारा. वेळ लागेल. प्रत्यक्षात जी संख्या वापरतात ती सहाशेहून अधिक अंकी असते, आणि तिचे घटक शोधणे आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर आहे. आपण मोबाइलवरून बँकेचा व्यवहार करतो तेव्हा राखण करायला असेच गणित उभे असते. शाळेत मूळ संख्या शिकताना “याचा उपयोग काय?” असे जी मुले विचारतात, त्यांना हे जरूर सांगावे.

याच वर्षी संकेतस्थळांमधली भोके कशी शोधायची आणि कशी बुजवायची हेही शिकवतात. नाव लिहायच्या रकान्यात कोणी नावाऐवजी संगणकाला आज्ञाच लिहिली तर? कच्चा कार्यक्रम ती आज्ञा भाबडेपणाने पाळतो आणि सगळी यादी बाहेर काढून देतो. नीट लिहिलेला कार्यक्रम मात्र रकान्यातला मजकूर हा मजकूरच मानतो, हुकूम मानत नाही.

चौथे वर्ष : पुरावा, कायदा आणि प्रत्यक्ष काम

शेवटच्या वर्षी डिजिटल न्यायवैद्यक, घातक सॉफ्टवेअरचा अभ्यास, कायदा, प्रकल्प आणि इंटर्नशिप असते. न्यायवैद्यकाचा पहिला नियम असा : मूळ पुराव्याला हात लावायचा नाही. जप्त केलेल्या मोबाइलची किंवा डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, दोघांची हॅश जुळवायची आणि तपास प्रतीवर करायचा. वर सांगितलेले पीठ इथे साक्षीला येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात ही हॅश नोंदवायची असते. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात खेटे घालणाऱ्या आपल्या लोकांना पुराव्याची किंमत वेगळी सांगायला नको.

परवानगीची रेघ

आता सर्वांत महत्त्वाचे. या शिक्षणात मुलांच्या हाती जी हत्यारे येतात तीच चोरही वापरतो. मग फरक कशात? परवानगीत. मालकाच्या लेखी परवानगीने, ठरलेल्या मर्यादेत राहून त्रुटी शोधणारा तो तपासनीस. परवानगीवाचून तेच करणारा गुन्हेगार, मग हेतू कितीही चांगला असो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे, परवानगीविना शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्राचा मोबाइल ‘गंमत म्हणून’ उघडणे आणि कॉलेजचे गुण पाहायला सर्व्हरमध्ये डोकावणे या गोष्टीही यात बसू शकतात. म्हणून चांगल्या महाविद्यालयात सराव स्वतंत्र, बंदिस्त प्रयोगशाळेतच करून घेतात. एकाच लॅपटॉपमध्ये दोन-तीन आभासी संगणक उभे करायचे आणि त्यांच्यातच हल्ला आणि बचाव खेळायचा.

ही रेघ आपल्या गावांत आणखी एका कारणाने समजावून सांगायला हवी. कॉसमॉस प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पण अशा टोळ्यांत पकडला जातो तो बहुधा सूत्रधार नसतो. बनावट कार्ड घेऊन एटीएमसमोर उभा राहिलेला किंवा आपले खाते वापरायला दिलेला माणूस असतो. “तुझं पासबुक आणि सिम कार्ड दे, महिन्याला पैसे मिळतील,” असे सांगणारे लोक गरीब तरुणांनाच गाठतात. पैसे चोराचे, पण नाव आणि खाते आपल्या मुलाचे, आणि पोलीस त्याच्याच दारात. पदवी घेवो वा न घेवो, हे प्रत्येक मुलाला माहीत असावे. आणि कोणाची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. तक्रार जितकी लवकर होईल तितकी ते मध्येच अडवले जाण्याची शक्यता अधिक.

कोणत्या वाटेने जायचे?

महाराष्ट्रात यासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली, बारावी विज्ञाननंतर बी.ई. किंवा बी.टेक. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय अनिवार्य. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना पात्रतेसाठी संबंधित विषयांत ४० टक्के गुण लागतात. राज्याची एमएचटी-सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती २०० गुणांची असते. त्यांतले १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे आश्रमशाळेतल्या मुलांना माऊस हाताळायचा सराव आधी द्यावा लागतो. नाहीतर उत्तर येत असूनही वेळ पडद्यावरच जातो.

दुसरी, दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनची पदविका आणि त्यानंतर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. यात सीईटी नाही. पदविकेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नंदुरबारसारख्या ठिकाणीही शासकीय तंत्रनिकेतन आहे. घरापासून फार दूर जायला कचरणाऱ्या मुलांना मला ही वाट बरी वाटते. दहावीनंतर लगेच संगणकाशी गाठ पडते, आणि पुढे शिकता आले नाही तरी हातात पदविका असते.

तिसरी, बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांत पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. बी.सी.ए.लाही आता राज्याची वेगळी सीईटी आहे. बी.एस्सी.चे नियम विद्यापीठानुसार बदलतात.

पदवीच्या नावात ‘सायबर सिक्युरिटी’ असलेच पाहिजे असे नाही. संगणक अभियांत्रिकीची साधी पदवी घेऊन त्यात सुरक्षेचे ऐच्छिक विषय घेणारा विद्यार्थी कुठेही कमी पडत नाही. नावापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. महाविद्यालयाला एआयसीटीईची मान्यता आहे का, ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या यादीत ते आहे का, आणि नेटवर्कची प्रयोगशाळा खरोखर चालते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकातून नव्हे, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घ्यावे.

हे मी इतके बजावून सांगते त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका बापाने बैलजोडी विकून मुलाला शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये घातले. सहा महिन्यांचा ‘एथिकल हॅकिंग’चा अभ्यासक्रम, भिंतीवर लावायला छान प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी. ती पदवी नव्हती. त्यामुळे शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, आणि ती हमीही कुठे लागू पडली नाही. मुलगा हुशार आहे. आता तंत्रनिकेतनात शिकतो आहे. पण बैल परत आले नाहीत. अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सगळेच वाईट नसतात. पदवीसोबत ते पूरक ठरतात, पदवीऐवजी नव्हे.

कागद, पैसे आणि जमात वैधता

अनुसूचित जमातींसाठी राज्यात ७ टक्के जागा राखीव आहेत. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही; तपासणी समितीचे जमात वैधता प्रमाणपत्र लागते. नंदुरबार, नाशिक, ठाणे, पुणे, अमरावती, नागपूर, गडचिरोली अशा ठिकाणी या समित्या आहेत. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले, जुने महसुली कागद, वडिलांकडच्या नात्यात कोणाला आधी वैधता मिळाली असल्यास ते प्रमाणपत्र, असे बरेच काही जोडावे लागते. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत तिथे हे किती अवघड जाते, ते मी रोज पाहते. मुदतीत वैधता हाती आली नाही तर मिळालेली राखीव जागा हातची जाऊ शकते. म्हणून हा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच करायला घ्यावा.

फी आणि निर्वाहासाठी महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते, त्यामुळे खाते चालू आहे का हे आधी पाहावे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तिच्यात जेवण आणि राहण्यासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याला मिळते. जवळजवळ याच नावाचे, ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचे संकेतस्थळही आहे, पण त्यावर मोफत अभ्यासक्रम मिळतात. मुले या दोहोंत गोंधळतात. एकावर जेवणाची सोय होते, दुसऱ्यावर अभ्यासाची. दोन्ही वापरावीत.

पुढे काय मिळते?

पदवीनंतर पहिली नोकरी बहुधा देखरेख केंद्रातली असते. कंपनीच्या संगणकांवरून येणाऱ्या इशाऱ्यांवर नजर ठेवायची, खरा धोका कोणता आणि खोटा कोणता हे ओळखायचे. काम चोवीस तास चालते, म्हणून रात्रपाळी येतेच. पुढे अनुभवाने परवानगीने हल्ला करून पाहणारे परीक्षक, न्यायवैद्यक तज्ज्ञ, लेखापरीक्षक होता येते. सीआयएसएसपीसारख्या वरच्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो; पदवी असल्यास त्यात एका वर्षाची सूट मिळते. झटपट श्रीमंतीचा हा धंदा नाही. पण ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २०२२ मध्ये सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले आहे. सहा तासांत कळवायचे तर कोणीतरी जागे असावे लागते. अशी जागी माणसे बँकांना, रुग्णालयांना, सरकारी कचेऱ्यांना हवी आहेत.

आपली मदत कुठे लागते?

मदत देणाऱ्यांचे लक्ष सहसा फीकडे असते. आदिवासी विद्यार्थ्याची बरीचशी फी शासन भरते. तो अडतो तो वेगळ्याच ठिकाणी.

तो गणितात अडतो. दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्र घेतले की अभियांत्रिकीची पहिली वाट तिथेच बंद होते, आणि हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. अकरावी-बारावीच्या गणिताची शिकवणी ही सर्वांत मोलाची मदत. तो भाषेत अडतो. घरात मावची किंवा पावरी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी. तीन भाषांच्या पायऱ्या चढून आलेल्या मुलाला वर्गातले न कळणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. तो लॅपटॉपमध्ये अडतो. आभासी संगणक चालवायला किमान ८ जीबी रॅम लागते, १६ असेल तर उत्तम. जुना लॅपटॉप द्यायचा विचार असेल तर एवढे जरूर पाहावे. आणि तो ओळखीत अडतो. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत संगणक क्षेत्रात काम करणारे कितीतरी बंधुभगिनी आहेत. त्यांनी महिन्यातून दोनदा अर्धा तास फोनवर एका विद्यार्थ्याशी बोलायचे ठरवले, तरी त्याचा एकटेपणा जाईल. पैसे न लागणारी ही मदत मला सर्वांत कमी मिळते.

आपल्या ओळखीत कोणी मुलगा किंवा मुलगी या वर्षी दहावीत असेल, तर अकरावीचा अर्ज भरण्याआधी गणिताबद्दल त्यांच्याशी बोला. अकरावीत असेल, तर वैधतेच्या कागदांची पिशवी एकदा उघडून पाहा आणि आजोबांचा दाखला नसेल तर तो शोधायला या आठवड्यातच कोणाला तरी शाळेत पाठवा. चार वर्षांची पदवी मूल आपल्या कष्टाने पूर्ण करील. तिच्या आधीची ही दोन वर्षे मात्र मोठ्या माणसांनी सांभाळायची आहेत.